चोविसाव्या वर्षी एकटीने नोकरीसाठी परदेशी जाण्याचा अनुभव कसा होता? आज मागे वळून बघताना पश्चात्ताप होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही 23 वर्षांच्या आहात, नर्सिंग झालंय, जर्मनीतल्या एका हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र हातात आलंय आणि घरात तुम्ही एकुलत्या एक आहात. आईबाबा तोंडाने "जा" म्हणतात, पण त्यांच्याकडे बघवत नाही. हे वाचलं आणि नाइट ड्यूटीहून आल्यावर झोपायचं सोडून लिहायला बसले, कारण यातलं जवळजवळ सगळं माझंच आहे.

मी मिरजेची. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आई घरी शिवणकाम करते. मीही एकटीच. पुण्यात राहून जर्मन भाषेची बी 2 ही पातळी पूर्ण केली आणि ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस स्टुटगार्टला उतरले, तेव्हा 24 वर्षांची होते. आले त्याच आठवड्यात इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि संध्याकाळी पाचलाच अंधार पडायला लागला. घरचं आणि माझं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर गेलं. मी जेवून फोन करेपर्यंत तिकडे आई दिवा मालवून आडवी झालेली असायची.

पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही घाबरणार नाही.

रुजू झाल्या दिवशी ऑफिसात फॉर्म भरायला दिले. नाव, पत्ता, बँकेचं खातं, टॅक्सचा नंबर. शेवटी एक रकाना होता, काही झालं तर कुणाला फोन करायचा. मी बाबांचा नंबर लिहिला, +91 वरून सुरू होणारा. समोरच्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "इथलं कुणीतरी हवं. धावत येऊ शकेल असं." मी पेन हातात धरून बसून राहिले. अख्ख्या देशात मी ज्यांना ओळखत होते ती माणसं म्हणजे विमानतळावर घ्यायला आलेला ड्रायव्हर आणि त्या बाई. शेवटी त्याच म्हणाल्या, राहू दे, नंतर भरा. तो रकाना दहा महिने रिकामा होता. थंडी, जेवण, बर्फ, रविवारी बंद असलेली दुकानं, या सगळ्याची तयारी मी करून आले होते. या एका ओळीची तयारी कुणी करून घेतली नव्हती.

आता कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही नर्स आहात आणि हे तुम्हाला एजंट सांगणार नाही. मिरजेत एका पेशंटमागे तीन माणसं असतात. एक खाटेखाली चटई टाकून झोपलेलं, एक डबा घेऊन आलेलं, एक औषधाच्या दुकानात रांगेत. आपण त्यांच्यावर ओरडतो, बाहेर काढतो, ती पुन्हा आत येतात. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं तीच करतात, नाहीतर मावशी करतात. आपण सलाईन, इंजेक्शन, औषधं, चार्ट बघतो. इथे उलट आहे. शिरेत सुई लावणं बहुतेक ठिकाणी डॉक्टरचं काम. पेशंटला आंघोळ घालणं, कपडे बदलणं, घास भरवणं, डायपर बदलणं हे नर्सचं, आणि शिकलेल्या नर्सचंसुद्धा. नंतर आलेल्या दोघी पहिल्या महिन्यात रोज रडायच्या, की चार वर्षं यासाठी शिकलो का. मला कामाची लाज वाटली नाही. मला त्रास झाला तो शांततेचा. दुपारी तासभर कुणी भेटायला येतं, फुलं ठेवतं, जातं. रात्री तीस खाटांच्या वॉर्डात तीस माणसं एकेकटी झोपलेली असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ऐंशी पार केलेल्या एका आजींना सकाळी पुसून घेत होते. कोमट पाण्याचं भांडं, दोन लहान टॉवेल, आधी साध्या पाण्याने चेहरा, मग हात. त्या माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला "नेम्मे" एवढंच ऐकू आलं. वाटलं नाव विचारतात. मी हसून माझं नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, जरा हळू. मी पुन्हा नाव सांगितलं, फोड करून. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. मागे उभी असलेली सहकारी पुढे आली, माझ्या हातातला टॉवेल घेऊन तिने बाजूला ठेवला आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. त्या "इ का नेम्मे" म्हणत होत्या. "मला आता होत नाही." पुस्तकात हेच "निश्ट मेअर" असतं, इकडच्या श्वाबियन बोलीत त्याचं "नेम्मे" होतं. एक म्हातारं माणूस मला सांगत होतं की आता सोसत नाही, आणि मी त्याला तीनदा माझं नाव सांगत होते.

हे मी कधीच विसरणार नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, बी 2 चं सर्टिफिकेट म्हणजे भाषा आली असं समजू नका. ज्या भागात जाणार तिथली बोली निघायच्या आधीपासून ऐका. तिथला रेडिओ लावून भाकरी थापा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, हसून मान हलवू नका. आपल्याकडे मान हलवणं हा सभ्यपणा असतो, वॉर्डात त्याने माणसाला इजा होते.

पैशांचं थोडक्यात. आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला इथली मान्यता मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून काम करता आणि पगार त्याच हिशेबाचा असतो. लग्न न झालेल्या माणसाच्या पगारातला साधारण तिसरा हिस्सा टॅक्स, आरोग्य विमा आणि पेन्शनला जातो, त्यामुळे पत्रावरचा आकडा रुपयांत करून घरी सांगू नका, हातात येणारा आकडा सांगा. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरावी लागते. मी भरायला लागले तेव्हा ती महिन्याला 18.36 युरो होती, आणि तीन महिन्यांचं 55.08 चं पत्र आलं तेव्हा मला ती फसवणूक वाटली होती. टपालातलं प्रत्येक पत्र उघडा. आणखी एक, मी एजंटला पैसे दिले, बाबांनी त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. तसं करायची गरज नसते. नर्सच्या भरतीचा खर्च हॉस्पिटलने उचलायचा, अशी अट असलेला एक सरकारी शिक्का इथे भरती करणाऱ्यांना मिळतो. तो आहे का ते विचारा, आणि करारात "मुदतीआधी सोडलं तर इतके पैसे परत" असं कलम आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते.

मान्यतेच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. नोव्हेंबर 2023. प्रात्यक्षिकात. ही परीक्षा पुन्हा एकदाच देता येते, दुसऱ्यांदा गेली की संपलं. मी घरी सांगितलं नाही. आईला बीपी आहे, बाबांच्या डोक्यावर माझं कर्ज आहे, कशाला सांगायचं? डिसेंबरभर मी त्यांना ख्रिसमसच्या बाजाराचे फोटो पाठवत होते. दिवे, पाळणे, भाजलेले बदाम. आई सगळ्या गल्लीला दाखवायची.

जानेवारीत एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू होता. आई आत कणीक मळत होती आणि बाबा चहा गाळत होते. गाळणं उचलताना त्यांच्या उजव्या हाताची बाही वर सरकली. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, पिवळट-हिरवट डाग होता. मी म्हटलं, "बाबा, हाताला काय झालं?" म्हणाले, "काही नाही गं, दार लागलं."

मी नर्स आहे. दार मनगटाच्या आतून लागत नाही. त्या जागेवरून अँजिओग्राफी करतात, आणि काळानिळा डाग पिवळट व्हायला आठवडा तरी जातो. मी विचारलं, "किती स्टेंट?" फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई मागून पिठाच्या हातांनी पुढे आली आणि म्हणाली, "एकच आहे. नऊ दिवस झाले. तुला उगाच काळजी नको म्हणून."

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी त्यांच्याशी रोज बोलले होते. एकदा बाबा हॉस्पिटलच्या खाटेवरून बोलले होते आणि मागे भिंत दिसू नये म्हणून आईने चादर धरली होती. मला राग आला, खूप आला, वाटेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही मला परकी केलीत. आणि बोलता बोलताच मला माझे बदामाचे फोटो आठवले. मग मीही सांगितलं, मी नापास झालेय, दोन महिने झाले. तिघंही रडलो. बाबा म्हणाले, "म्हणजे आपण तिघं तीन गावांत राहतोय."

तुम्ही एकुलत्या एक आहात म्हणून हे तुमच्या बाबतीत होणारच. प्रेमामुळेच होतं. इकडून "मी बरी आहे", तिकडून "आम्ही बरे आहोत", आणि दोन्ही बाजूंना हळूहळू खरं काही उरत नाही. स्टुटगार्टहून मिरजेला दारापासून दारापर्यंत दीड दिवस लागतो, फ्रँकफर्टपर्यंत रेल्वे, साधारण आठ तासांचं विमान, मग मुंबईहून रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेस. त्या दीड दिवसाचं मी काही करू शकत नाही. नऊ दिवसांचं करू शकत होते.

त्या रविवारी आम्ही ठरवलं की काहीही झालं तरी त्याच दिवशी सांगायचं. वाईट असेल तर आधी सांगायचं. आई-बाबा सांगू शकत नसतील तर चुलतभाऊ सांगेल, त्याला तसं बजावून ठेवलंय. बाबांच्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे आहे, विम्याच्या कार्डाचा फोटो आहे, आणि बँकेत एका तिकिटाचे पैसे वेगळे पडून असतात, त्यांना मी हात लावत नाही. हे सगळं आम्ही सव्वा वर्ष उशिरा केलं. तुम्ही निघायच्या आधी करा, स्वयंपाकघरात तिघांनी बसून. अवघड वाटेल. आपल्या घरांत असं बोलत नाहीत. तरी बोला.

तो रकाना कसा भरला ते राहिलं. आमच्या वॉर्डात केरळची एक सीनियर नर्स आहे, तिला आम्ही सगळ्या चेची म्हणतो, म्हणजे मल्याळममध्ये ताई. केरळच्या मुली इथे साठ-सत्तरच्या दशकांपासून येताहेत. तिची मावशीही तशीच आली होती. मावशीला वडील गेल्याचं पत्राने कळलं, तोवर घरचे सगळे विधी उरकले होते. चेची मला हे सांगताना पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मला ताप आला तेव्हा तीच डबा घेऊन आली, आणि बरी झाल्यावर मी ऑफिसात जाऊन तिचा नंबर लिहिला. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "हे विचारायचं असतं का?"

एप्रिल 2024 मध्ये परीक्षा पास झाले. निकाल लागल्यावर पाच मिनिटांत घरी कळवलं, त्याच्या आदल्या रात्री झोप लागली नाही हेही कळवलं होतं. कर्ज त्या वर्षाअखेर फिटलं. आता स्टाफच्या हॉस्टेलमधून बाहेर पडून छोटं घर घेतलंय भाड्याने. इथे बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, तरच पत्र पोचतं. आमच्या आडनावाची ती पट्टी बाबांना व्हिडिओवर दाखवली तर त्यांनी मला ती दोनदा दाखवायला लावली. दर काही आठवड्यांनी जिना झाडायची पाळी येते, दाराच्या मुठीला पाटी अडकवून जातात, "केअरवोखे", म्हणजे झाडायचा आठवडा. त्या झाडलोटीतच शेजारच्या आजोबांशी ओळख झाली. काय गमावलं तेही आहे. दोन लग्नं, आत्याची शेवटची दिवाळी, आईचं म्हातारं होत जाणं, जे मला आता वर्षाला एकदाच, पण एकदम दिसतं. हे कशाने भरून निघत नाही आणि निघतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. तरीही त्या 24 वर्षांच्या मुलीला मी विमानात बसू दिलं असतं.

गेल्या महिन्यात गोंदियाची एक मुलगी आमच्याकडे रुजू झाली. फॉर्म भरताना तिने +91 लिहायला सुरुवात केली होती. मी शेजारीच उभी होते. तिथे आता माझा नंबर आहे.

तुमचं हॉस्पिटल कोणत्या शहरात आहे ते खाली लिहा. स्टुटगार्टच्या आसपास असेल तर तुमच्या फॉर्मवरही तोच नंबर घाला. लांब असेल तर चेचीला विचारते, तिच्या ओळखीचं तिथे कुणीतरी असेलच.