दळणावळ न घेणारे तात्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या मुलांच्या वसतिगृहाला आणि तिथल्या शिबिरांना तीस वर्षं हात देणारे एक गृहस्थ मागच्या महिन्यात गेले, त्यांची आठवण राहावी म्हणून काय करावं, पुतळा, शिष्यवृत्ती, स्पर्धा की आणखी काही, आणि असं कुणी केलंय का?

आम्ही केलंय. पहिल्यांदा केलं ते साफ फसलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी माण तालुक्यातला, म्हणजे साताऱ्याच्या कोरड्या बाजूचा. १९८६ ते १९८९, आठवी ते दहावी, मी एका वसतिगृहात राहून शिकलो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढं माझ्या एका चोरीची गोष्ट येणार आहे. साठ पोरं, एक रेक्टर, स्वयंपाकाला दोन मावश्या. सुगी झाली की रेक्टर आणि मोठी पोरं बैलगाडी घेऊन गावोगाव फिरायची आणि कुणी पायली, कुणी अर्धं पोतं अशी ज्वारी-बाजरी गोळा व्हायची. साठ पोरांच्या दोन वेळच्या भाकरी म्हणजे रोज पंचवीस किलोच्या आसपास पीठ. धान्य लोक देत. पण दळायचं कोण? ते तात्या. पेठेच्या टोकाला त्यांची गिरणी होती आणि वसतिगृहाच्या दळणाची दळणावळ, म्हणजे दळायचे पैसे, त्यांनी कधी घेतली नाही. मी तिथं जायच्या आधीपासून घेत नव्हते, मी दहावी होऊन बाहेर पडल्यावरही पंधराएक वर्षं घेत नव्हते.

हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढं कुणी मायाळू म्हातारा आला असेल तर तो पुसून टाका. तात्या महाखवट माणूस. दळण आणणाऱ्या बाईशी चार आण्यांवरून भांडायचे. उधारी नाही. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना सव्वा रुपया, आणि वर "गणपतीला भाकरी लागती का?" हा प्रश्न. गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी हा नियम इतका कडक, की मध्येच कुणी बाजरीचा डबा पुढं सरकवला तर तो डबा रस्त्यावर जायचा. गिऱ्हाईक कमी व्हायचं नाही, कारण पीठ त्यांच्यासारखं कुणाचंच नव्हतं. दगडांना टाकी, म्हणजे छिन्नीनं खाचा, ते स्वतः लावायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

आमचं दळण रात्री नऊनंतर. दिवसा गिऱ्हाइकाचं, रात्री आमचं. रोज दोन पोरांची पाळी असायची. रेक्टर वजनाची चिठ्ठी द्यायचे, पोतं सायकलच्या कॅरिअरवर आडवं टाकून एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं मागून ढकलायचं. गिरणीत पोचलं की तात्या चिठ्ठी बघत, काट्यावर वजन करत, वहीत लिहीत, मग पट्टा चढवत. तो पट्ट्याचा फटफट आवाज आणि गरम पिठाचा वास मला अजून सांगता येतो, पण त्यांचा चेहरा म्हणाल तर मला फक्त पांढऱ्या भुवया आणि त्याखालचे दोन डोळे आठवतात. बाकी सगळं पीठ.

आता ती चोरी. नववीत होतो, पावसाळ्याचे दिवस. मी आणि माझा जोडीदार, दोघांनी वाटेत एका दुकानात तीन किलो ज्वारी विकून भजी खाल्ली. चिठ्ठीवर सदतीस, काट्यावर चौतीस. तात्यांनी चिठ्ठी बघितली, काटा बघितला, आमची तोंडं बघितली. माझ्या ओठाला बहुतेक तेल असणार. ते उठले, मागच्या दारानं घरात गेले आणि मापानं मोजून तीन किलो ज्वारी आणून आमच्या पोत्यात ओतली. "पोरं उपाशी न्हाय ऱ्हायची," एवढंच. मग म्हणाले, "आन् तुमी दोघं दिवाळीपतुर रोज येऊन गिरणी झाडायची. पाळी असू दे न्हायतर नसू दे." आम्ही झाडली. रेक्टरांना त्यांनी सांगितलं नाही. ही काही क्षमा नव्हती. त्यांना फुकटचे दोन झाडूवाले मिळाले होते आणि ते त्यांनी दिवाळीपर्यंत पुरेपूर वापरले.

त्या झाडण्याच्या दिवसांतच एकदा लाईट गेली आणि तात्या बोलत बसले. आम्ही विचारलं, "तात्या, आमचे पैसे का घेत नाही?" तर त्यांनी साताऱ्याची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांना कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात घातलं होतं. तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगतो. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली, आणि तिथल्या बोर्डिंगला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव दिलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, आणि जो राहील त्यानं काम करायचं: शेत, खोदाई, दगड वाहणं, स्वयंपाक. पुढं 'कमवा आणि शिका' म्हणून जे गाजलं ते हेच. तात्यांना पंगतीचं काही वाटलं नाही, खोऱ्याचं मात्र फार वाटलं. "आठ म्हैनं खाल्लं," म्हणाले, "आन् एका रात्री पळालो. कोरेगावापतुर चालत. अण्णांचं खाऊन काम न करता पळालेला मीच एकटा असंन." आम्ही हसलो. ते हसले नाहीत. लाईट आली आणि त्यांनी पट्टा चढवला.

एवढंच त्यांचं कारण. खरं होतं का, की पोरांना गप्प करायला सांगितलं, देव जाणे. मला ते पुरेसं वाटतं.

मोठ्या मावशींकडून आणखी एक कळलं. १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी पोत्यात आपली ज्वारी नव्हती, अमेरिकेहून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी होती. ज्यांनी ती खाल्ली त्यांना विचारा: वास वेगळा, पिठाला चिकटा नाही, भाकरी थापायला घेतली की कडेनं फुटायची. मावशी तव्यावर तुकडे भाजायच्या. मग काही दिवसांनी भाकरी जमायला लागली. मावशींना वाटलं, आपला हात बसला. वर्षभरानं कळलं की तात्या दळताना मिलोत स्वतःच्या घरची ज्वारी मिसळत होते. त्यांच्या घरात तेव्हा किती ज्वारी शिल्लक असेल याचा अंदाज त्या काळातला माणूसच करू शकेल.

तात्या २००४ च्या हिवाळ्यात गेले. आता आमची फजिती.

माजी विद्यार्थी जमलो. कुणी शिक्षक, कुणी एसटीत, कुणी पुण्यात कंपनीत, दोघं फौजेत. उत्साह दांडगा. वर्गणी झाली, चौकात मोठा फ्लेक्स लागला, शोकसभा झाली, आणि तात्यांच्या नावानं कबड्डीचा फिरता चषक सुरू केला. तात्यांनी आयुष्यात कबड्डीचा एक सामना बघितला नसेल. पण तालुक्यात स्पर्धा म्हटली की कबड्डी, म्हणून कबड्डी. सभेत पाच भाषणं झाली आणि पाचही अडखळली. कारण तात्यांबद्दल सांगण्यासारखा एकही मोठा प्रसंग नव्हता. त्यांनी जमीन दिली नव्हती, इमारत बांधली नव्हती. "थोर दानशूर" असं फ्लेक्सवर छापलं होतं, ते वाचून पेठेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. चार आण्याला भांडणारा दानशूर!

चषक दोन वर्षं चालला. तिसऱ्या वर्षी कुणाला सवड नव्हती. नंतर तो मला एका कपाटावर दिसला, त्यात छत्र्या उभ्या केल्या होत्या.

मला त्या सभेनंतर बरेच दिवस एक गोष्ट टोचत होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगातल्या पोरांना खायला नव्हतं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल. दर २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला, ती व्यासपीठावरून सांगितली जाते आणि सांगावीच. पण १९३० मध्ये त्या गेल्या तोवर वर्षानुवर्षं परक्या पोरांचं रांधणं, आजारपण, न्हाऊ-माखू घालणं त्यांनी केलं, ते भाषणात एका वाक्यात उरकतं. मंगळसूत्र एकदा मोडता येतं. भाकरी रोज थापावी लागते. आमच्या तात्यांकडे मंगळसूत्राचा प्रसंगच नव्हता, नुसतं रोजचं दळण. म्हणून आमची भाषणं अडली.

वळणावर आणलं ते रेक्टरांनी. जुने निवृत्त झाले होते, हे नवे. २००७ च्या सुमारास मी सहज भेटायला गेलो, तर म्हणाले, "तुमच्या चषकाचं राहू द्या, दळणाचं बिल कोण भरणार ते सांगा. तीन वर्षं आम्ही ते तेला-मिठातून काढतोय." मला बसल्या जागी घाम फुटला. तात्या गेल्यावर त्यांच्या मुलानं गिरणी वर्षभरात बंद केली होती, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. पोरं दुसऱ्या गिरणीत जात होती, आणि तिथं अर्थातच पैसे पडत होते. आम्ही फ्लेक्सवर जेवढे उडवले त्यात दोन वर्षांचं दळण झालं असतं. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, ज्यांनी ती पोती स्वतः ढकलली होती त्यांच्या!

मग बारा जण ठरले. बारा महिने, बारा जण. ज्याचा महिना त्यानं दळणाचे पैसे द्यायचे आणि त्या महिन्यात एकदा तरी रात्री पोरांबरोबर गिरणीत जाऊन उभं राहायचं. ही दुसरी अट माझी, आणि तिच्यावरून बरीच कुरकुर झाली. पैसे फोनवरून पाठवता येतात, पुण्याहून येऊन उभं राहणं जिवावर येतं. तिघं गळाले, दुसरे तिघं आले. पुढं वर्गणीतून वसतिगृहातच तीन हॉर्सपॉवरची चक्की बसवली. आता दळणावळीऐवजी विजेचं बिल आणि दगडांची टाकी एवढाच खर्च. आजच्या दरानं बाहेर दळलं असतं तर वर्षाला पंचवीस-तीस हजारांना सहज गेलं असतं. पाळी मात्र तशीच आहे. रोज दोन पोरं, चिठ्ठी, काटा, वही. वहीवर तात्यांचं नाव नाही. पण चक्कीला सगळे "तात्या" म्हणतात, म्हणजे "तात्या चालू कर", "तात्या गरम झाला". हे नाव आम्ही दिलं नाही, कुठल्यातरी बॅचच्या पोरांनी दिलं आणि ते टिकलं.

तर तुमच्याबद्दल. त्या गृहस्थांनी नेमकं काय दिलं हे आधी शोधा, आणि ते विश्वस्तांना विचारू नका. स्वयंपाकाच्या मावशींना विचारा, शिपायाला विचारा, वीस वर्षांपूर्वीच्या पोरांना विचारा. तुम्ही लिहिलंय की ते "सर्व उपक्रमांना मदत करत". असं कुणी नसतं. कुणी एसटीचे पास काढून देतं, कुणी चष्मे, कुणी परीक्षेची फी, कुणी शिबिराला ट्रॅक्टर आणि डिझेल. ते गेल्यावर यातलं जे बंद पडलंय ते चालू करा. आज कुणीतरी ते मुकाट्यानं तेला-मिठातून भागवत असणार. शिष्यवृत्ती वाईट नाही, पण ती एका पोराला मिळते आणि फोटो निघतो. त्यांची मदत जर साठांच्या ताटात जात असेल तर ती तिथंच जाऊ द्या. पुतळ्याच्या भानगडीत पडू नका, परवानग्यांतच दोन वर्षं जातील.

आणि फ्लेक्स लावायचाच ठरला, लावतीलच, तर फोटो घरच्या बाईमाणसाला दाखवून खात्री करून घ्या. आमच्या फ्लेक्सवरचा फोटो तात्यांचा नव्हताच, त्यांच्या थोरल्या भावाचा होता. आठ दिवस चौकात होता आणि आमच्यापैकी एकालाही कळलं नाही, कारण पीठ नसलेला तात्यांचा चेहरा आम्ही कुणी कधी पाहिलाच नव्हता.