वादळं आणि मान्सूनच्या वाऱ्यांमुळे समुद्राचं तापमान बदलतं का?

तुम्ही विचारलंय की गरम समुद्रामुळं वादळ होतं हे माहितीय, पण उलटं होतं का, म्हणजे वारं, ढग, वादळ यांच्यामुळं समुद्राचं पाणी गरम-गार होतं का. होतं. चांगलंच होतं. पण खाली तुम्ही जे लिहिलंय ना, "तसंही आम्ही लातूरचे, आम्हाला समुद्राचं काय", त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायलोय. हेच वाक्य सप्टेंबर २०२१ ला माझ्या चुलत्याच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्याच्यापायी आमचं चार एकर सोयाबीन गेलं.

आमचं गाव मांजरा नदीच्या काठी. त्या वर्षी सोयाबीन कापून झालेलं, गुत्त्यानं माणसं लावून बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) घातलेली, फक्त रास, म्हणजे मळणी, करायची राहिली होती. शुक्रवारी, २४ तारखेला, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली. मी तात्यांना, म्हणजे त्याच चुलत्यांना, म्हणलं, उद्याच्या उद्या मशीन बोलवा, रास करून घेऊ, माल घरात घेऊ. तात्या ओट्यावर बसून म्हणले, "बंगाल कुठं, आपण कुठं. हत्तीचा पाऊस आहे, दरसाल पडतोय. ताडपत्री टाक आन् गप बस. कशाला भेव दाखवायलास?"

मग मी त्यांना त्यांच्याच विहिरीचं उदाहरण दिलं, तेच तुम्हालाही देतो. मे महिन्यात विहिरीत उतरलं की वरचं हातभर पाणी कोमट असतं आणि खाली पाय गार पडतात. पाठीला डबा बांधून मला याच विहिरीत तात्यांनी पोहायला शिकवलं, त्यामुळं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. आता वरून दहा पोरांनी धडाधड उड्या मारल्या की काय होतं? खालचं गार पाणी वर येतं आणि सगळी विहीर गार लागायला लागते. वादळ समुद्रात हेच करतं. वारं पाणी ढवळतं, मधोमध तर खालचं पाणी अक्षरशः वर ओढलं जातं, वरून बाष्पीभवन होऊन उष्णता निघून जाते आणि ढगांनी ऊन अडवलेलं असतं ते वेगळंच. वादळ ज्या वाटेनं जातं तिथं एक ते सहा अंश सेल्सिअसपर्यंत तापमान खाली येतं, मागं गार पाण्याचा पट्टाच राहतो. वादळाला जगायला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, म्हणून ते एका जागी रेंगाळलं तर स्वतःच्याच खालची चूल विझवून बसतं.

हे झालं एका वादळाचं. मान्सून तर अख्खा अरबी समुद्र गार करतो. मे महिन्यात तिथलं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं, जूनमध्ये नैऋत्येचे वारे सुटले की ते दोन-तीन अंशांनी उतरतं, आणि सोमालियाच्या किनाऱ्याला वारं पाणी बाहेर ढकलतं म्हणून खालचं इतकं गार पाणी वर येतं की तापमान वीसच्या आसपास जातं. तेही विषुववृत्ताच्या जवळ! पुस्तकात "समुद्र तापतो, मग मान्सून येतो" एवढीच एक बाजू शिकवतात, हे मला कधीच पटलं नाही.

बंगालच्या उपसागराचं मात्र तसं नाही आणि आपला खरा संबंध तिथंच येतो. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि आपली गोदावरी त्यात गोडं पाणी ओततात, वरून पाऊस. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं आणि कितीही वारं सुटलं तरी खालचं गार पाणी सहज वर येऊ देत नाही. म्हणून पावसाळाभर उपसागर अठ्ठावीस अंशांच्या वरच राहतो आणि एक कमी दाबाचा पट्टा गेला की दुसरा तयार होतो. मराठवाड्याचा ऑगस्ट-सप्टेंबरचा बराचसा पाऊस या पट्ट्यांच्या जिवावर असतो. अरबी समुद्राचं पाणी बरंचसं सह्याद्रीच उतरवून घेतो, आपण पडलो डोंगराच्या मागं.

एवढं सगळं सांगितलं. तात्या म्हणले, "तुला कॉलेजात घालून चूक केली."

रविवारी २६ ला संध्याकाळी गुलाब चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला कलिंगपट्टणमजवळ धडकलं. ते जमिनीवर आल्यावर विरायला पाहिजे होतं, पण त्याचा उरलेला पट्टा तेलंगणातून सरळ आपल्या डोक्यावर आला. सोमवारी रात्री जो पाऊस लागला तसा मी आयुष्यात बघितला नाही, थेंब नव्हतेच, नुसती धार. मंगळवारी मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या वावरात कमरेएवढं पाणी. एक बनीम माझ्या डोळ्यांदेखत उचलली गेली, ताडपत्रीसकट, आणि गोल फिरत फिरत पुलाकडं गेली. दुसरी जागेवर राहिली पण चार दिवसांनी उकलली तर आतून वाफ निघायली आणि शेंगांना बोट-बोट कोंब. तो वास अजून नाकात आहे.

आणि हाच पट्टा पुढं गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथं त्याला परत गरम पाणी मिळालं, त्याचं शाहीन नावाचं वादळ झालं आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानला जाऊन धडकलं. म्हणजे बंगालात जन्मलं, आमचं सोयाबीन घेतलं आणि अरबस्तानात मेलं. आमच्या वावरातलं पाणी मांजरातून गोदावरीत आणि गोदावरीतून परत त्याच उपसागरात. "बंगाल कुठं, आपण कुठं" याला माझं हे उत्तर आहे, तात्यांनी अजूनही ते मान्य केलेलं नाही, त्यांचं म्हणणं नशिबात नव्हतं.

एल निनोबद्दल तुम्ही विचारलंय ते पटकन सांगतो. पॅसिफिकमध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहणारे वारे गरम पाणी इंडोनेशियाकडं लोटून ठेवतात, ते वारे ढिले पडले की ते पाणी माघारी दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडं सरकतं, यालाच एल निनो म्हणतात. तिथंही पाणी वाऱ्यामुळंच हलतं आणि पाणी हललं की वारं अजून ढिलं पडतं, दोघं एकमेकांना ओढतात. १९०४ ते १९२४ आपल्या हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर आपल्याच मान्सूनचं कोडं सोडवता सोडवता पॅसिफिकपर्यंत पोचले होते. २०१५ च्या एल निनोत आपल्याकडं काय झालं हे लातूरकराला मी काय सांगू, एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं.

पण टीव्हीवाले एल निनो म्हणलं की लगेच दुष्काळ जाहीर करून टाकतात ते चूक आहे. १९९७ चा एल निनो फार मोठा होता तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू जास्त तापलेली होती. त्यामुळं फक्त पॅसिफिक बघून पेरणी ठरवू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या तापमानाची माहिती देते, हवामान खातं दोन्ही समुद्रांतल्या पट्ट्यांचं बुलेटिन काढतं, दोन्ही मोबाइलवर फुकट दिसतं. सप्टेंबरात माल वावरात असेल तर रोज सकाळी उपसागराकडं बघा आणि घरातल्या मोठ्या माणसाशी वाद घालायची वेळ आली तर घाला. मी त्या दिवशी एवढं सांगूनही शेवटी मान राखून गप बसलो, ती चूक माझी.

एक राहिलं. वर मी वादळ समुद्र गार करतं म्हणलं ते कायमचं नसतं, काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पाणी परत तापतं. आणि उपसागरातला प्रत्येक पट्टा आपल्यावर येत नाही हेही खरं, बरेच ओडिशा-छत्तीसगडवरून वरच्या वर निघून जातात. तात्या हेच धरून बसतात की नसता आला तर मशीनचे पैसे फुकट गेले असते. फुकट कसे जातील, रास तर कधी ना कधी करायचीच होती. आणि शनिवारी-रविवारी ते मशीन आमच्याच वाड्यासमोर रिकामं उभं होतं.