तासिकेवरच्या लेकीने कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

पत्र : माझी मुलगी एम.एस्सी. (रसायनशास्त्र) आणि सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे. तालुक्याच्या कॉलेजात चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर) शिकवते. मुलाखतीत उपयोग होईल म्हणून पैसे भरून एकामागून एक ऑनलाइन एफडीपी (प्राध्यापकांसाठीची छोटी प्रशिक्षणं) करते. आता महिनाभराचा मोठा कोर्स करायचा म्हणते. मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर मिळत नाही. करू द्यावं का? – एक वडील, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : नमस्कार. मोठा कोर्स जरूर करू द्या. पैसे भरून घ्यायची छोटी सर्टिफिकेटं मात्र आजपासून थांबवायला सांगा.

कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचं, याचा गुणतक्ता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत आहे. त्यात पीएच.डी.ला २५, नेटला (राष्ट्रीय पात्रता परीक्षेला) ८, सेटला ५ गुण आहेत. शोधनिबंधांना जास्तीत जास्त ६, तर अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०. एफडीपीसाठी रकानाच नाही. म्हणजे तुमच्या लेकीने गूगल फॉर्म भरून मिळवलेल्या सर्टिफिकेटांचा या तक्त्यात एकही गुण नाही. अशी सर्टिफिकेटं विकून तासिकेवरच्या मुलामुलींकडून पैसे काढले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

या प्रशिक्षणांना नियमात जागा आहे, पण ती कायम नेमणुकीनंतरच्या पदोन्नतीसाठी, म्हणजे ‘कॅस’ या पदोन्नती योजनेसाठी. पहिल्या टप्प्याला ओरिएंटेशन (शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स) लागतं, पुढे रिफ्रेशर (विषयाची उजळणी). ती वेळ अजून यायची आहे. (२०२५च्या जानेवारीत नव्या नियमांचा मसुदा आला होता, त्यामुळे कोणताही अर्ज भरण्याआधी ताजं परिपत्रक पाहायला सांगा.)

मग मोठा कोर्स कशासाठी? शिकवणं सुधारावं म्हणून. आपल्याकडे शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं, कॉलेजात मात्र नेट-सेट झालेला माणूस थेट फळ्यापुढे उभा राहतो. शिकवायचं कसं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. चांगल्या कोर्समध्ये मायक्रोटीचिंग असतं. आठ-दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, समोर इतिहास, वाणिज्य, मराठीचे प्राध्यापक बसलेले. रसायनशास्त्रातली मोल संकल्पना त्यांना समजेल अशी सांगताना घाम फुटतो. आपण सगळा वेळ फळ्याकडे तोंड करून बोलतो, ‘समजलं का?’ विचारतो आणि ‘हो मॅडम’ ऐकून पुढे जातो, हे तिथे लक्षात येतं. त्यानंतर एखादी शिक्षिका तास संपताना प्रत्येकाला चिठ्ठीवर न समजलेली एक गोष्ट लिहायला सांगू लागते. मराठी माध्यमातून आलेली, बीएस्सी पहिल्या वर्षाची जी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, ती चिठ्ठीवर बिनधास्त लिहितात. मुलाखतीत डेमो लेक्चर घेतलं तर असा सराव झालेला उमेदवार लगेच उठून दिसतो.

कोर्स मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्राचाच निवडा. जुनी मंडळी याला अजून ‘स्टाफ कॉलेज’ म्हणतात. तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं केंद्र सोयीचं पडेल. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावतीलाही केंद्रं आहेत. तासिकेवरच्यांना काही अटींवर प्रवेश मिळतो. केंद्राची सूचना नीट वाचून प्राचार्यांचं पत्र आधीच घ्यावं. आणि वेळ सुट्टीतलीच निवडावी किंवा ऑनलाइन बॅच घ्यावी. तास बुडाला की त्याचे पैसेही बुडतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. विषयाची उजळणी करायची तर ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर कोर्स फुकट शिकता येतो, पैसे फक्त परीक्षेचे.

वाचलेला पैसा आणि वेळ पीएच.डी.च्या प्रवेशाकडे वळवा. त्या २५ गुणांची भरपाई दुसऱ्या कशाने होत नाही. दर वर्षीचं नेमणूक पत्र, विद्यापीठाची मान्यता आणि अनुभवाचा दाखला मात्र तिने आत्ताच कॉलेजातून मागून घ्यावा. प्राचार्य बदलले की हे कागद मिळवताना फार हेलपाटे पडतात.

पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या. रसायनशास्त्राच्या कोणत्या शाखेत तिला संशोधन करायचंय आणि पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) दिली आहे का, हे कळलं की मार्गदर्शक कसा शोधायचा ते सविस्तर लिहीन.