तो डोकं का आपटतो?

“भिंतीवर डोकं आपटतो, मनगट चावून चावून घट्टा पडलाय. सासूबाई म्हणतात, लाडावलाय, दोन फटके द्या.” साडेचार वर्षांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या आईची ही तक्रार. मूल बोलत नाही. काही हवं असलं की आईचा हात धरून ओढत नेतं.

लाडाचा इथे संबंध नाही. ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याचं काम डोकं आपटून होत असेल, तर तो आपटणारच. ते काम कोणतं, हे आधी शोधायचं.

त्याहीआधी बालरोगतज्ज्ञ. असं वागणं नव्याने सुरू झालं किंवा एकाएकी वाढलं, तर कान, दात, पोट आणि झोप तपासून घ्यावी. “शौचाला होते ना?” यावर आई “हो” म्हणाली. किती दिवसांनी, कशी, हे विचारल्यावर कळलं की चार दिवसांनी, खड्यासारखी! बद्धकोष्ठतेवर उपचार झाले आणि जेवणानंतरचं चावणं बरंच उतरलं. आपटणं मात्र राहिलं.

मग सात दिवसांची वही. रकाने तीन: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी वाया गेल्या, कारण “उगाच चिडला” एवढंच लिहिलं होतं. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं: “बाबांनी मोबाईल घेतला. तीनदा डोकं आपटलं. मोबाईल परत दिला.” बहुतेक नोंदी अशाच निघाल्या, उरलेल्या कुकरच्या शिट्टीच्या.

कुकरचं सोपं होतं. शिट्टी व्हायच्या आधी कानांवर आवाज अडवणारे हेडफोन, आणि आजोबांबरोबर आतल्या खोलीत.

मोबाईलसाठी “अजून” असं चित्रकार्ड केलं. ते मूल शांत असताना शिकवायचं. रडारडीत काहीच शिकता येत नाही. मोबाईल आईच्या हातात, बाबा मुलाच्या मागे. बाबा हलकेच त्याचा हात धरून कार्ड आईला द्यायला लावतात, आई लगेच अर्धा मिनिट मोबाईल देते. एका बैठकीत दहा वेळा, दिवसातून दोन बैठका. बाबांची मदत हळूहळू कमी करायची. कार्ड आपटण्यापेक्षा सोपं आणि झटपट ठरलं, तरच मूल ते वापरेल. या घरात ते फ्रिजच्या वर ठेवलं होतं, म्हणजे मुलाच्या हाताला लागतच नव्हतं. कार्ड देणं पक्कं झालं की “थांब” शिकवायचं, आधी पाच सेकंद, मग दहा. मोबाईल बंद करण्याआधी दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, आणि त्यानंतर झोका किंवा पाणी असं आवडीचं काहीतरी.

“दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल” हा सल्ला इथे घातक. मिळत होतं ते अचानक बंद झालं की आपटणं आधी वाढतं. बाबांनी दहा मिनिटं तग धरून मोबाईल दिला, तेव्हा मुलाने शिकलं ते एवढंच की दहा मिनिटं आपटावं लागतं. शेवटपर्यंत टिकता येणार नसेल, तर अडवणूक सुरूच करू नये. आपटणं चालू असताना डोकं आणि भिंतीच्या मध्ये उशी धरावी. चेहरा शांत, शब्द मोजके. ओरडणं, समजावणं, हात करकचून धरणं टाळावं.

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, फेफरं किंवा कान-नाकातून पाणी किंवा रक्त आलं, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं. मूल डोळ्यांवर मारत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावं. रिस्पेरिडोनसारखं औषध बालमनोविकारतज्ज्ञच ठरवतील. त्याने चिडचिड कमी होऊ शकते, वजनही वाढतं, पण मागायचं कसं हे ते शिकवत नाही.

दीड महिन्याने आपटणं रोजचं राहिलं नव्हतं. आता मूल रात्री दोन वाजता “अजून” घेऊन उभं राहतं. पुढचं कार्ड “संपलं”.