कपाटाला हात लावून स्टॅटिक जातं का?

तुम्ही विचारलंय की घरी सर्किट बोर्डावर काम करताना, अंगावरची स्थिर वीज (स्टॅटिक) उतरवायला, रिस्ट स्ट्रॅप म्हणजे मनगटाला बांधून अर्थला जोडायचा पट्टा लागतोच का, की मधूनमधून लोखंडी कपाटाला हात लावला तरी भागतं. भागतं, पण तेवढ्यापुरतंच. खुर्चीतून उठून परत बसलात की अंगावर पुन्हा चार्ज. शिवाय कपाट रंगवलेलं असेल तर तुम्ही नुसत्या रंगाला हात लावताय.

पण मला खरा राग "चटका बसत नाही म्हणजे स्टॅटिक नाही" या समजुतीचा आहे. चटका जाणवायलाच साधारण 3000 व्होल्ट लागतात. छोट्या मॉसफेटच्या (बोर्डावरचा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेटची, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाची, मर्यादा असते साधारण 20 व्होल्ट. या दोन आकड्यांच्या मधे कुठेही बोर्ड मरू शकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

चटक्याचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या पहिल्या नोकरीतल्या सिनिअरकडून. मी टेस्टिंगला होतो. मनगटाला पट्टा बांधून बसायचो, तर हे गृहस्थ येताजाता विचारायचे, "काय रे, आज साखळी सोडली नाही का?" वीस वर्षं उघड्या हातांनी बोर्ड उचलतोय, एक गेला नाही, हे त्यांचं पालुपद. मग आमचे कंट्रोल बोर्ड परत यायला लागले. इथून पास होऊन गेलेले, दोन-तीन महिने नीट चाललेले, आणि मग इनपुट अधूनमधून वाचेनासे झालेले. निकाल लगेच लागला: "टेस्टिंग कच्चं आहे." म्हणजे मी.

दोन आठवडे मी त्या बोर्डांवरच पडून होतो. इनपुटचा मॉसफेट काढून त्याच्या गेट आणि सोर्स या दोन पायांमध्ये मीटर लावला. तिथे ओएल (म्हणजे करंटला वाटच नाही) दिसायला हवं, एकावर दिसलं दोन किलोओहमच्या आसपास. दुसऱ्यावर त्याहून कमी. गेट पूर्ण फुटलं नव्हतं, त्याच्या इन्सुलेशनला बारीक भोक पडून ते गळत होतं, आणि गळती वाढत गेली होती. टेस्टच्या दिवशी सिग्नल पुरायचा, पुढे पुरेनासा झाला.

पण पट्टा तर मी रोज बांधत होतो! उत्तर मिळालं ते एका दुपारी, शेजारच्या टेबलाकडे बघताना. बोर्डावर कोटिंग (संरक्षक लेप) मारायच्या आधी कनेक्टरवर चिकटपट्टी लावायचे आणि नंतर ती चर्रकन ओढून काढायचे. पट्टी अशी उपटली की हजारो व्होल्ट सहज तयार होतात. बोर्डावर आता कोटिंग, म्हणजे तो हातात धरला तरी त्याचा चार्ज पट्ट्यातून उतरणार कसा? तो तसाच भरलेला माझ्याकडे यायचा, मी टेस्ट जिगवर (तपासणीच्या पिना असलेल्या साच्यावर) दाबायचो, आणि पिन लागल्याक्षणी सगळं खट्टकन गेटमधून जायचं. थोडक्यात, बोर्ड माझ्याच हातून मरत होते, पट्टा बांधलेल्या हातून.

उपाय फुटकळ होता. आधी बोर्डाच्या ग्राउंडला एक मेगाओहममधून अर्थची क्लिप लावायची, मग अँटिस्टॅटिक टेप हळू सोलायची, क्लिप शेवटी काढायची. तसं बोर्ड परत येणं थांबलं. सिनिअर म्हणाले, "लॉट बदलला असेल."

त्यांची वीस वर्षं खोटी नव्हती, हे मी आज मान्य करतो. जुने बायपोलर ट्रान्झिस्टर (मॉसफेटच्या आधीचा प्रकार) बरंच सोसायचे. पण जो माणूस त्या दिवसांच्या जोरावर आजच्या आयसीबद्दल छातीठोक बोलतो, त्याचं ऐकू नका, मग तो वयानं कितीही मोठा असो.

तर तुमचं घरचं काम. पट्टा घ्या, पण वायरवाला. "वायरलेस" पट्टा म्हणून जे विकतात ते निव्वळ शोभेचं. थर्मोकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी टेबलावरून हटवा. तुम्हाला अर्थ केल्यानं थर्मोकोल अर्थ होत नाही. बोर्ड ठेवायची गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी स्वतः चार्ज धरत नाही एवढंच, बाहेरून आलेली ठिणगी थांबवायला चंदेरी पिशवी लागते, तीही तोंड बंद केलेली. हवा कोरडी असेल तेव्हा दुप्पट जपा. आणि हो, एखादा बोर्ड पट्ट्याशिवाय हाताळलात तर बहुतेक वेळा काहीच होणार नाही, उगाच धसका घेऊ नका.

एक राहिलंच: उघड्या एसएमपीएसवर (मेन्सवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) किंवा मेन्स चालू असलेल्या बोर्डावर हात घालणार असाल तर पट्टा काढून ठेवा. त्यातला एक मेगाओहमचा रेझिस्टर करंट आटोक्यात ठेवतो, पण तो शाबूत आहे की नाही हे मीटरवर किती जण बघतात? आमच्याकडे मी एकटाच बघायचो. त्यावरही हसायचे.