ऑटोमॅटिक पिकअप सकाळी गिअर उशिरा धरतो: ऑइल काढायच्या आधी एवढं करा

तुम्ही लिहिलंय, सकाळी पहिल्यांदा डी ला, म्हणजे पुढे जायच्या गिअरला, टाकल्यावर तीन-चार सेकंद गाडी जागची हलत नाही, मग धप्पकन गिअर धरते आणि दिवसभर काही त्रास नाही. गाडी जुनी, दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. आणि गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची दांडी बघून सांगितलंय की ऑइल जास्त झालंय, थोडं काढू या. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो. ऑइल काढू देऊ नका. निदान खाली सांगतोय ते करून होईपर्यंत तरी नको.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बेळगावजवळ कडोलीत शेती आहे, बटाटा आणि भाजीपाला घेऊन कोल्हापूरला जातो. तुमच्या गाडीचं मॉडेल तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात वेगळं काही असेल तर पुस्तक खरं धरा. पण हे दुखणं मी स्वतः भोगलंय.

माझी गाडी अगदी अशीच करायची. डिसेंबरची थंडी, पहाटे माल भरलेला, डी ला टाकून ब्रेक सोडला की गाडी नुसती उभी. तीन सेकंद म्हणजे किती असतात ते तेव्हा कळतं. मी ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. संध्याकाळी सोडली, सकाळी माझ्यासमोर पोराने बॉनेट उघडलं, इंजिन बंद असतानाच दांडी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. सुपरवायझर म्हणाला, कोणीतरी जादा भरलंय, म्हणूनच गिअर लेट होतोय. खालचा नट खोलला आणि दीडेक लिटर ऑइल ट्रेमध्ये सोडलं. ते ऑइल मला अजून दिसतं. लालभडक, काचेसारखं स्वच्छ, जळका वास अजिबात नाही. त्या ऑइलमध्ये काही खोट नव्हती, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

झालं होतं असं. इंजिन चालू असताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा, ऑइलने भरलेला असतो. गाडी रात्रभर उभी राहिली की जुन्या गिअरबॉक्समध्ये त्यातलं बरंचसं ऑइल झिजलेल्या बुशमधून किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून खाली चेंबरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. म्हणून सकाळी दांडीवर ऑइल जास्त दिसतं. आणि म्हणूनच पहिला गिअर लेट होतो, कारण पंपाला आधी रिकामा कन्व्हर्टर भरावा लागतो. दोन्ही लक्षणं एकाच कारणाची. जास्तीचं म्हणून त्यांनी काढलं ते कन्व्हर्टरच्या वाटणीचं ऑइल होतं.

पुढचं थोडक्यात. तीन दिवसांनी वंटमुरीच्या घाटात भरल्या गाडीत रेस वाढतेय आणि वेग वाढत नाही, असं सुरू झालं. ऑइल कमी, त्यात चढ, त्यामुळे फिल्टर हवा ओढत होता. मी थांबायला हवं होतं. माल नाशवंत, बाजार गाठायचा, म्हणून तसाच रेटत संकेश्वरपर्यंत गेलो. ती चूक माझी. बॉक्स उघडला तेव्हा फॉरवर्ड क्लचच्या, म्हणजे गाडी पुढे नेणाऱ्या क्लचच्या, प्लेटांवरचं अस्तर जळून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. एक लाख अडतीस हजार रुपये आणि ऐन हंगामात पाच आठवडे गाडी बंद. त्या वर्कशॉपच्या बिलावर ‘ऑइल लेव्हल ॲडजस्ट’ एवढंच लिहिलेलं. किती काढलं, कशा अवस्थेत मोजलं, काही नाही. मी चार वेळा गेलो. दर वेळी साहेब मीटिंगमध्ये, पुढच्या सोमवारी या. शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, तुम्ही सही केलीय ना. केली होती. म्हणून सांगतो, जुन्या बॉक्सला कोणी हात लावला तर किती ऑइल काढलं आणि किती घातलं हे लिटरमध्ये बिलावर लिहून घ्या.

आता तुमच्या गाडीचं. आज रात्री गाडी गरम असतानाच सपाट जागी उभी करा. इंजिन चालू, ब्रेक दाबून गिअरची दांडी सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून पार्कला आणा आणि ऑइल बघा. बहुतेक गाड्यांत हीच रीत. काहींत न्यूट्रलला बघायचं असतं, काहींत इंजिन बंद करून लगेच, म्हणून पुस्तक बघा म्हटलं. हे माप बरोबर असेल तर तुमच्या गाडीत ऑइल जास्त नाही, विषय संपला. मग इंजिन बंद करा, एक मिनिट थांबून परत ऑइलची दांडी काढा आणि ऑइल कुठपर्यंत आलंय ते मार्करने खूण करून ठेवा. सकाळी चावी फिरवायच्या आधी पुन्हा बघा. थोडी वाढ चांगल्या गाडीतही दिसते. पण बोटभर, दोन बोटं वाढ असेल तर ऑइल रात्रीत खाली उतरतंय.

त्याच सकाळी दुसरी परीक्षा. पहिल्यांदा डी ला टाका, गिअर धरेपर्यंत वाट बघा. परत न्यूट्रल, परत डी. गाडी अजून थंडच आहे, तरी दुसऱ्या वेळी लगेच धरलं तर कन्व्हर्टर रिकामा होतोय, एवढंच. पण चार वेळा केलं तरी दर वेळी उशीरच होतोय आणि इंजिन तापल्यावरच सुधारतंय, तर आतली रबरी सील कडक झालीत. थंडीत ती ताठ असतात, दाब बाजूने निसटतो. हा फरक मला तेव्हा कोणी सांगितला असता तर एक पैसा लागला नसता. कन्व्हर्टर रिकामा होत असेल तर घाई नाही. मी आता सकाळी इंजिन चालू करून अर्धा मिनिट न्यूट्रलला ठेवतो, हँडब्रेक ओढून. पार्कला नाही, कारण काही जुन्या बॉक्समध्ये पार्कला असताना कन्व्हर्टरकडे ऑइलच जात नाही. मग डी, आणि गिअर धरल्याचं कळल्याशिवाय रेस द्यायची नाही. मोकळ्या फिरत्या इंजिनवर गिअर आपटला की प्लेटा जातात.

डी आणि आर (रिव्हर्स) दोन्हीला उशीर आहे की एकालाच, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्हीला असेल तर ऑइल, फिल्टर, पंप, दाब यांच्याकडे बघायचं. फक्त आरला असेल तर रिव्हर्सच्या क्लचचं किंवा बॉक्सच्या आतल्या ब्रेकचं सील, फक्त डीला असेल तर फॉरवर्ड क्लच. आणि एक अगदी स्वस्त गोष्ट: गिअरच्या केबलचं किंवा लिंकेजचं बुश झिजलं की गिअरची दांडी डीवर दिसते पण आतला व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसतो. दांडी जरा पुढेमागे दाबून फरक पडतो का बघा.

उशीर घड्याळाने मोजा, अंदाजाने नको. गाडी गरम, एसी बंद, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही, न्यूट्रलमधून डी. प्रत्येक वेळी मध्ये एक मिनिट सोडून तीनदा मोजा आणि सरासरी काढा. टोयोटाच्या वर्कशॉप पुस्तकांत डीला १.२ सेकंदांच्या आत आणि आरला १.५ सेकंदांच्या आत असा आकडा असतो. दुसऱ्या गाड्यांना तो तंतोतंत लागू नाही, पण गरम गाडीत दोन सेकंदांच्या पुढे जात असेल तर बॉक्समधल्या ऑइलचा दाब मोजल्याशिवाय कोणाला काही बदलू देऊ नका. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन बघणं, करू या असं कोणी म्हणालं तर माझं मत नको असं आहे. पुस्तकातसुद्धा ती पाच सेकंदांच्या वर करू नका म्हणतात, आणि जुन्या प्लेटांना ते पाच सेकंदही जड जातात.

दाब मोजायला बॉक्सच्या बाजूला एक छोटा प्लग असतो. यासाठी लांब कुठे जायची गरज नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे इतके आहेत की ३०० पीएसआयचा मीटर, पाइप आणि निपल तासाभरात जुळवून देतात. फक्त आटे तपासून घ्या. पाइपच्या आट्यांची मापं दोन: एक अष्टमांश इंचाच्या अमेरिकन एनपीटीला इंचाला २७ आटे, ब्रिटिश बीएसपीला २८. हाताने दोन फेरे बसतात आणि वाटतं जमलं. पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे जातात. मला ज्याने हे शिकवलं त्या मेस्त्रींनी दोन्ही निपल तळहातावर शेजारी ठेवून नखाने आटे दाखवले होते. नुसत्या बघण्याने फरक कळत नाही, नख फिरवलं की कळतो.

फिल्टर किती वर्षांत बदलला नाही? तो आणि त्याची ओ रिंग बदला, रिंग कडक झाली तरी पंप हवा ओढतो. चेंबर खोलल्यावर चुंबकावर करडा मऊ चिखल असेल तर घाबरू नका, चमकणारे तुकडे असतील तर घाबरा. चेंबर खोलून सगळं ऑइल निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून जेवढं निघालं तेवढंच मोजून घाला आणि मग इंजिन चालू ठेवून पुन्हा बघा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. गिअर ऑइल म्हटलं की दुकानदार नव्वद नंबरचा डबा पुढे करतो, तो या बॉक्सला विष आहे. सील फुगवणारं औषध मी वापरून पाहिलं, दोन महिने बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट. मशीन लावून फ्लश करण्याच्याही मी विरोधात आहे, पण त्यावर जाणकारांत दोन मतं आहेत.

रात्रीची आणि सकाळची खूण आणि घड्याळाचे तीन आकडे इथेच कळवा. दाब मोजायचा ठरला तर माझा मीटर आणि दोन्ही निपल घरी पडून आहेत, कडोलीला येऊन घेऊन जा.