कंपनी विकून फंडाकडे वळताना

प्रिय मित्रा,

कंपनी विकून झाली, आता इतरांचे पैसे गोळा करून नव्या कंपन्यांत गुंतवणारा फंड काढायचं तुझ्या मनात आहे, हे कळलं. जरूर हो. पण त्याआधी एक गणित कागदावर मांडून बघ. पुष्कळ फाउंडर ते फंड उभा केल्यावर मांडतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

समज, 100 कोटींचा फंड आहे. चलन कुठलंही धर. वर्षाला 2 टक्के मॅनेजमेंट फी, दहा वर्षं. म्हणजे 20 कोटी पगार, वकील, ऑडिट, प्रवास यांत गेले. (पुढच्या वर्षांत फी बहुधा कमी होते, पण कच्च्या हिशोबाला 20 ठीक.) उरले 80. त्यातले निम्मे त्याच कंपन्या नंतर पुन्हा पैसे उभे करतील त्या फेऱ्यांसाठी राखून ठेवायचे. राहिलेल्या 40 कोटींत 20 कंपन्या, प्रत्येकी 2 कोटी. त्या 2 कोटींना 10 टक्के हिस्सा मिळाला असं धरू. नंतर तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकीत 20 टक्के डायल्यूशन, म्हणजे नवे शेअर निघाल्याने आपला हिस्सा तेवढा घटणं. दहाचे आठ, आठाचे 6.4, शेवटी 5.12 टक्के. आता ही कंपनी 1000 कोटींना विकली गेली, तरी त्या पहिल्या चेकमागे फंडाच्या हाती जेमतेम 51 कोटी. फाउंडरच्या आयुष्याचं सोनं झालं. फंडाचं मात्र अजून निम्मंच मुद्दल परतलं.

तुझ्या फंडात पैसे घालणाऱ्यांना, म्हणजे एलपींना (लिमिटेड पार्टनर), साधारण तिप्पट परतावा हवा असतो. म्हणून ‘बरी चालेल’ अशी कंपनी तुझ्या कामाची नाही. एका कंपनीने अख्खा फंड फेडला पाहिजे, इतकी ती मोठी होऊ शकेल का, हाच प्रश्न. पेपालचे एक संस्थापक पीटर थील यांनी 2004 मध्ये फेसबुकला 5 लाख डॉलर दिले, सुमारे 10 टक्क्यांसाठी. 2012 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर त्यांनी बहुतेक शेअर विकले, तेव्हा एक अब्ज डॉलरहून जास्त आले. आकड्यापेक्षा मधली आठ वर्षं बघ. तितका काळ आपला निर्णय बरोबर की चूक हे कळत नाही. रोज संध्याकाळी विक्रीचे आकडे बघायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं.

त्याहून जड जातं ते हात आवरणं. पैसे घातलेल्या कंपनीच्या बोर्ड मीटिंगमध्ये तू सहज म्हणतोस, ‘किंमत थोडी वाढवून बघा ना.’ तुझ्यासाठी ती सूचना. समोरच्यासाठी हुकूम, कारण पुढचा चेकही तुझ्याच हातात आहे. टीम सहा आठवडे किमतीच्या मागे लागते आणि अर्धवट राहिलेलं उत्पादन तसंच पडून राहतं. ही चूक माजी फाउंडर सर्वांत जास्त करतात, आणि चांगल्या हेतूने करतात. सल्ल्याऐवजी प्रश्न विचार. बँकेत किती आहे? 90 लाख. महिन्याचा निव्वळ खर्च? 15 लाख. म्हणजे सहा महिने. नवी फेरी उभी करायला चार ते सहा महिने सहज जातात, तेव्हा तयारी आजच सुरू झाली पाहिजे. एवढं लक्षात आणून दिलंस की गप्प बस. कंपनी त्यांची आहे.

टर्मशीटच्या, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाच्या, बाबतीत मात्र तुझा जुना अनुभव कामाला येईल. 20 कोटी गुंतवून 25 टक्के घेतले आणि कंपनी 60 कोटींना गेली. साधी लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकल्यावर गुंतवणूकदाराला आधी पैसे मिळण्याचा हक्क) असेल तर आपले 20 कोटी परत घ्यायचे किंवा 25 टक्क्यांचे 15. तू 20 घेशील. ‘पार्टिसिपेटिंग’ असेल तर 20 घेऊन वर उरलेल्या 40 चे 25 टक्के, एकूण 30. तो एक शब्द फाउंडर आणि टीमच्या खिशातून 10 कोटी काढतो. तो शब्द घालू नकोस. वर्षानुवर्षं राबलेल्या लोकांच्या तोंडचा घास असतो तो.

नकार लवकर दे, आठवड्याच्या आत, आणि खरं कारण सांगून. ‘सध्या थोडं लवकर आहे’ असं मोघम उत्तर ऐकून माणूस तीन महिने आशेवर थांबतो.

घरखर्चाचं आधीच बघून ठेव. फंडात स्वतःचे 1 ते 2 टक्के घालावे लागतात. कॅरी म्हणजे नफ्यातला तुझा वाटा, बहुधा 20 टक्के. पण पुष्कळ करारांत एलपींचं मुद्दल आणि ठरलेला किमान परतावा फिटल्यावरच तो मिळतो, म्हणजे सात-आठ वर्षं हातात काही येईल असं धरू नकोस.

म्हणून लगेच फंड काढू नकोस. मार्क अँड्रीसन आणि बेन होरोविट्झ या अमेरिकी उद्योजकांनीही 2009 मध्ये फंड सुरू करण्याआधी स्वतःच्या पैशांतून पुष्कळ छोट्या गुंतवणुकी केल्या होत्या. वर्षभर लहान चेक लिही, बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच. प्रत्येक चेकआधी एक पान लिही: का देतोय, काय झालं तर मी चुकलो असं मानीन, फाउंडरबद्दल कोणाकोणाशी बोललो. त्यात त्याने न सुचवलेली निदान तीन माणसं हवीत, आणि त्यातलं एक त्याला सोडून गेलेलं. बारा महिन्यांनी ते पान काढून वाच, खाडाखोड न करता.

पहिली तीन पानं झाली की मला पाठव. शनिवारी सकाळी निवांत बसून बघू.

कळावे,
तुझा हितचिंतक